तावडेबाईंची दोरी

तावडेबाई कुणाच्याही दाराची बेल वाजवत नसत. आमच्या कॉम्प्लेक्समधली पाच कुत्री सकाळी फिरवून आणायची आणि एकेकाला त्याच्या त्याच्या दारात पोचवायचं, हा त्यांचा नेम होता. दारापुढे आल्या की पट्टा सैल सोडून त्या शांत उभ्या राहत. आत माणसं आहेत, बेलचं बटण हाताशी आहे, पण बाई हात वर करणार नाहीत. "ज्याचं घर त्याने हाक मारायची," असं त्यांचं म्हणणं. मग ते कुत्रं भुंके, दार उघडे आणि बाई आतल्या माणसाला एकच वाक्य सांगत. "घ्या तुमचं बाळ. आज कुणाशी भांडलं नाही." किंवा, "घ्या. आज मांजर दिसलं तरी ओरडलं नाही हो." मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं तोंडाला दाढीचा फेस घेऊन हा निकाल ऐकत आणि खूश होऊन दार लावून घेत.

आमच्या दारात मात्र गाडी अडायची. आमचा सिम्बा हाकच मारत नसे. दाराला पाठ टेकून तो बाईंकडे बघत बसे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाईंना घाई नसे. आणि आत, दाराच्या भिंगाला डोळा लावून, मी उभा असे. घर माझं, कुत्रा माझा, आणि त्याला आत यायचं नाही, हे मी रोज सकाळी साडेसात वाजता भिंगातून बघत होतो. शेवटी माझी बायको उषा मला बाजूला करून दार उघडायची.

तावडेबाई आता नाहीत. गेल्या वर्षी त्या नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या आणि चार महिन्यांत तिथेच झोपेत गेल्या. कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर दिवसभर जोडलेल्या हातांची चित्रं येत होती. मी काहीच टाकलं नाही. ज्या बाईंचा मी दोन वर्षं मनापासून हेवा केला त्यांच्याबद्दल एका ओळीत काय लिहिणार? म्हणून इथे सविस्तर लिहायला बसलो आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी डोंबिवलीच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूमिती शिकवली. तिथे मी भाजी आणायला निघालो की पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागायचा, कारण कुणी ना कुणी स्कूटर थांबवून "नमस्कार सर" म्हणायचं. आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही कल्याणला ह्या सात इमारतींच्या कॉम्प्लेक्समध्ये आलो. इथे मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. त्यातच मुलगी केतकी नोकरीसाठी परदेशी गेली आणि जाताना तिचा दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर आमच्याकडे ठेवून गेली. "बाबा, त्याला रोज दोन गाजरं द्यायची, पोटाला बरी असतात," एवढीच सूचना. महिन्याभरात मला कॉम्प्लेक्समध्ये नाव मिळालं. सिम्बाचे आजोबा.

तेही मी चालवून घेतलं असतं, पण सिम्बा मला जुमानायला तयार नव्हता. मी 'बस' म्हटलं की तो उभा राहायचा आणि 'चल' म्हटलं की फतकल मारायचा. चालायला लागला की असा ओढायचा की माझा उजवा खांदा दुखायला लागला. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने नववीचा वर्ग गप्प व्हायचा, तो माणूस बागेतल्या फरशीवरून फरपटत चालला होता आणि वॉचमन हसू दाबत होता.

तावडेबाई भेटल्या त्या अशाच एका सकाळी. पाच फुटांना थोड्या कमीच, सुती साडी, आणि पायात नातीचे जुने गुलाबी बूट. वाटेत उभ्या राहून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"सर, तुम्ही त्याला ओढताय म्हणून तो तुम्हाला ओढतोय," त्या म्हणाल्या. "द्या बघू इकडे."

पट्टा हातात घेऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. सिम्बाने दोन हिसके दिले. बाई बोलल्या नाहीत की हलल्या नाहीत. मग तो वळला आणि त्यांच्या गुलाबी बुटांवर हनुवटी टेकून बसला. माझ्यासाठी असा तो आजवर कधीही बसला नव्हता.

"दांडगं मूल आहे," बाई म्हणाल्या. "दांडगं मूल बाईच्या हाताशी ठेवायचं असतं."

उषा माझ्याबरोबर होतीच. "बाई, उद्यापासून ह्यालाही न्याल का? ह्यांचा खांदा गेलाय," ती म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

बाई मोहन्याच्या. रेयॉनच्या कारखान्याजवळच्या वस्तीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली. शाळा सुटली की ट्रकचा रस्ता ओलांडून मुलांना घरोघर सोडायचं काम त्यांच्याकडे. त्यासाठी त्यांनी पाळण्याची जाड सुती दोरी घेऊन तिला नऊ गाठी मारल्या होत्या. प्रत्येक मुलाची गाठ ठरलेली, आणि रस्ता संपेपर्यंत गाठ सोडायची नाही. मुलाने कल्याणला फ्लॅट घेतला तेव्हा बाई त्याच्याकडे आल्या, त्या ती दोरी घेऊनच. शेजारचं जोडपं कामावर गेलं की त्यांचा छोटू नावाचा पग दिवसभर दाराआड रडायचा. बाईंनी त्याला मागून घेतलं. मग राजा नावाचं म्हातारं गावठी कुत्रं आलं, मग दोन झिपरी पांढरी आली, आणि मग आमचा सिम्बा. सगळ्यांचे पट्टे त्याच दोरीच्या गाठींना.

"पुढे म्हातारा, सगळ्यांनी त्याच्या चालीने चालायचं," बाई सांगत. "मध्ये रडकी. आणि शेवटी, माझ्याजवळ, दांडगा." अशी ती वरात सातही इमारतींना वळसा घालून, क्लब हाऊसच्या मागून, मुलांच्या वाळूच्या हौदाला लांबून टाळून बरोबर पाऊण तासात परत येई. मी बाल्कनीतून बघत असे. आमचा सिम्बा मान खाली घालून, एखाद्या स्कॉलर मुलासारखा चालताना बघून माझं पित्त खवळत असे.

मला संशय होता की बाई त्याला गुपचूप काहीतरी खायला देतात. खिशातून बिस्किट काढत असतील म्हणून दोन दिवस मी झाडांआडून त्यांच्या मागे चाललो. साडीला खिसा नसतो हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. त्या काहीही देत नव्हत्या. सिम्बाला थांबावंसं वाटलं की थांबत, आणि तो निघाला की निघत. बस्स. चौतीस वर्षं शिकवून मला जे जमलं नव्हतं ते ह्या बाई नुसतं थांबून करत होत्या, आणि त्यात पकडण्यासारखं काही नव्हतं, ह्याचा मला जास्त राग आला.

एकदा लिफ्टच्या देखभालीसाठी एक पन्नाशीचा माणूस आला होता. लॉबीत बाईंची वरात शिरली तशी त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"बाई! तावडेबाई ना? अहो मी तिसऱ्या गाठीवाला!"

बाईंनी डोळे बारीक केले. "पवारांचा. नाक पुसायचा नाहीस तो."

"आता पुसतो," तो म्हणाला आणि कुत्र्यांच्या गर्दीत हात घालून त्याने बाईंच्या पायाला हात लावला. मी बाजूलाच लिफ्टची वाट बघत उभा होतो. माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली, पण आपण कुठल्या बाकावर बसायचो हे सांगत माझ्याकडे कुणी आलेलं नाही. मी जिन्याने सात मजले चढून गेलो.

बाईंची आणखी एक रीत होती. दारात त्या चांगलं तेच सांगत. कोण कुणाला चावलं, कुणी कुठे काय घाण केली, ह्यातलं एक अक्षर बाहेर पडत नसे. झिपऱ्यांच्या मालकिणीने एकदा फारच खोदून विचारलं तर म्हणाल्या, "ते वर्गातलं. वर्गातलं घरी सांगायचं नाही." बालवाडीत त्या पत्र्याच्या पेटीत चार जादा चड्ड्या ठेवत. कुणाची ओली झाली की बदलायची, धुऊन कुंपणावर टाकायची आणि घरी जाताना त्याची त्याला परत घालायची. आईला पत्ता लागू द्यायचा नाही. "घरी सांगितलं की मार बसतो," त्या उषाला सांगत होत्या, "आणि चार जणांत सांगितलं की मूल दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. मग आपण शिकवायचं कुणाला?" मी आतल्या खोलीत पेपर वाचल्यासारखं करत होतो. मी पेपर तपासून मार्कं मोठ्याने वाचणारा मास्तर. मला हे लाडावून ठेवणं वाटलं.

त्या दिवाळीत केतकीचा व्हिडिओ कॉल आला. मी मोठ्या हौसेने सिम्बाला मोबाईलसमोर बसवलं. एवढ्यात खालून बाईंचा आवाज आला आणि सिम्बा माझ्या मांडीवरून उडी मारून बाल्कनीत पळाला. केतकी हसली. "बाबा, तो तर बाईंचाच झालाय की!"

ती सहज बोलली, पण मला ते झोंबलं. पोरगी सातासमुद्रापार, शाळा सुटलेली, डोंबिवली सुटलेली. ह्या सात इमारतींत माझं म्हणावं असं एकच जनावर होतं आणि तेही बाईंनी नेलं, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. दुसऱ्या दिवशी बाई दारात आल्या तेव्हा मी सांगितलं, "आजपासून सिम्बाला मी नेणार."

"हो, न्या की," बाई म्हणाल्या. "तुमचाच आहे."

तो 'तुमचाच आहे' मला टोमणा वाटला.

मी सिम्बाला घेऊन उतरलो तो तावातावाने, आणि घाण उचलायच्या पिशव्या जेवणाच्या टेबलावरच राहिल्या. सिम्बाने मला ओढत थेट वाळूच्या हौदात नेलं आणि तिथेच कार्यभाग उरकला. मी इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. वर जाऊन पिशवी आणायला पाच मिनिटं लागली असती. मी चपलेने थोडी वाळू वर लोटली आणि निघून आलो.

संध्याकाळी एका लहान मुलीच्या हाताला ते लागलं. तिची आई संतापली, आणि बरोबरच होतं तिचं. ग्रुपवर फोटो आला, त्याखाली पन्नास जणांची मतं आली. एकाने लिहिलं, पाच पाच कुत्री एका दोरीला बांधून नेल्यावर लक्ष राहणार कसं? मग सगळे त्याच सुरात. तावडेबाई स्वतः खाली आल्या, गुडघ्यावर बसून त्यांनी हौद साफ केला, वरची वाळू काढून टाकली आणि त्या मुलीच्या आईला म्हणाल्या, "माफ करा ताई. ह्यापुढे नाही होणार." हे सगळं मी बाल्कनीतून पाहिलं.

नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण माझं अक्षर चांगलं म्हणून मला कमिटीत घेतलेलं होतं. सेक्रेटरी म्हणजे एक तरुण सीए. "सर, तुमच्या अक्षरात एक नोटीस मारा ना," तो म्हणाला. "तुमची नोटीस लोक थांबून वाचतात." मी बसलो आणि लिहिलं: 'एका व्यक्तीने एका वेळी एकाच पाळीव प्राण्यास फिरवावे. आज्ञेवरून.' काना-मात्रा सुबक काढले. लिहिताना मला काय वाटलं ते सांगतो. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती दोरी दिसेनाशी झाली. बाईंनी वाद घातला नाही की कुणाकडे गाऱ्हाणं नेलं नाही. त्यांनी उरलेल्या चार कुत्र्यांना एकेक करून नेणं सुरू केलं. सात इमारतींना चार फेऱ्या. बहात्तर वर्षांच्या त्या बाई सहाला उतरायच्या आणि साडेनऊपर्यंत चालत असायच्या. पहिल्या आठवड्यात मी बाल्कनीतून बघून समाधानाने चहा प्यायलो. तिसऱ्या आठवड्यात त्या प्रत्येक इमारतीच्या कट्ट्यावर टेकायला लागल्या. मग मी चहा स्वयंपाकघरातच प्यायला लागलो. आणि सिम्बा? तो अजूनही मला ओढतच होता, फक्त आता ज्या दिशेला बाई दिसतील त्या दिशेला.

दीड महिन्याने सेक्रेटरीचा पुन्हा फोन. त्या बाई सकाळभर बागेत कुठलं ना कुठलं कुत्रं घेऊन असतात, अशी तक्रार आली होती. आता नियम असा करायचा की कुत्रा मालकानेच फिरवायचा. बाईंचं स्वतःचं एकही कुत्रं नव्हतं. म्हणजे विषय संपला. मी तीही नोटीस लिहिली. मला हवं होतं ते सगळं त्या एका ओळीत होतं. टाचण्यांची डबी घेऊन, सिम्बाला घेऊन, मी लॉबीत उतरलो.

नोटीस बोर्डाखालच्या बाकावर बाई बसल्या होत्या. चौथी फेरी संपत आलेली, पायाशी छोटू. एक बूट काढून त्या गुडघा चोळत होत्या. सिम्बा पट्ट्यासकट त्यांच्याकडे झेपावला.

"नवीन लावताय? बघू," त्या म्हणाल्या.

मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरून, ओठ हलवत, सावकाश वाचला.

"काय सुरेख अक्षर आहे हो सर! माझ्या मुलांना असं गिरवायला मिळायला हवं होतं." मग पुन्हा एकदा वाचून म्हणाल्या, "मालकानेच. म्हणजे मी नाही. बरं. छोटूला आज शेवटचं पोचवते. त्याच्या आईला सांगायला पाहिजे, दार लोटून दिवसभर जाऊ नका, रडतं ते."

भिंतीला धरून त्या उठायला लागल्या. आवाजात राग नव्हता. थोडा असता तर मी वाचलो असतो.

"बाई," मी म्हटलं, "ते वाळूतलं सिम्बाने केलं होतं. मी बघितलं होतं. पिशवी नव्हती. मी वर वाळू लोटली आणि आलो."

"माहितीये मला," बाई पुन्हा बसत म्हणाल्या. "साफ करतानाच कळलं. गाजर होतं त्यात. आपल्यात गाजर एकटा सिम्बाच खातो."

माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. "मग तुम्ही माफी कशाला मागितलीत? बोलला का नाहीत?"

"कुठे बोलू? ग्रुपवर? चार जणांत तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी खाली उतरला असता का? आधीच तुम्ही कुणात मिसळत नाही." त्यांनी बूट पायात चढवला. "म्हटलं, सांगतील स्वतःहून. काही मुलांना वेळ लागतो."

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी त्यांना सगळंच सांगून टाकलं. झाडांआडून केलेला पाठलाग, तिसऱ्या गाठीवाला, केतकीचं ते वाक्य. "मला तुमचा हेवा वाटतो बाई," मी म्हटलं. "तो माझ्या दारात येऊन मला हाकसुद्धा मारत नाही."

बाई मोठ्याने हसल्या. "अहो, दाराआड तुम्ही उभे असता ते त्याला कळत नाही होय? नाक आहे त्याला! म्हणून तर पाठ टेकून बसतो दाराला. समोर असलेल्या माणसाला कुणी हाक मारतं का? तो वाट बघतो, तुम्ही कधी उघडताय त्याची. मीही तीच बघत असते. आणि उघडतात नेहमी वहिनी."

मी बोर्डाची काच सरकवून जुनी नोटीस काढली, नवी तिच्यात घडी करून खिशात घातली आणि तिथूनच सेक्रेटरीला फोन लावून सांगितलं की दोन्ही नियम रद्द करा, ती घाण माझ्या सिम्बाची होती. पुढे सभेत मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. उषाला ते आठवड्याने लिफ्टमध्ये कळलं आणि तिचंही वेगळं ऐकलं. दोरी पुन्हा निघाली, सिम्बा पुन्हा शेवटच्या गाठीला गेला. माझा हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. बाई नाशिकला निघाल्या त्या दिवशी सिम्बा जेवला नाही, तेव्हाही मला ते जरा टोचलंच.

पण त्या सकाळी उषाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, चला, आधी तुम्हाला सोडते, मग छोटूला. आम्ही चौघे लिफ्टने सातव्या मजल्यावर आलो. मी सवयीने खिशातून किल्ली काढली. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

आम्ही उभे राहिलो. सिम्बाने दाराच्या फटीला नाक लावलं. आत भिंगाशी कुणी नव्हतं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि भुंकला. एकदाच, पण असा की समोरच्या घरातलं बाळ जागं झालं. उषा पिठाच्या हाताने धावत आली.

"अगं बाई, हा ओरडला? त्रास नाही ना दिला ह्याने?"

"त्याचं काय, तो शहाणाच आहे," तावडेबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या दुखऱ्या खांद्यावर हलकेच थोपटलं. "घ्या वहिनी. आज सर शहाण्यासारखे वागले."

"ह्यांनी काय केलं?" उषाने विचारलं.

"ते वर्गातलं," बाई म्हणाल्या, आणि छोटूला घेऊन लिफ्टकडे वळल्या.